‘पान छान आलंय गं’ : फोकस आणि चौकट सुधारताना

चतुराचा (ड्रॅगनफ्लाय या किड्याचा) मला ‘जमलेला’ वाटलेला पहिला फोटो मी मोठ्या कौतुकानं आईला दाखवला. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "पान छान आलंय गं." चतुर पुढे होता आणि पान मागे. पानाची शीर न् शीर दिसत होती, चतुर मात्र लालसर डाग होऊन बसला होता. मी जरा हिरमुसले, पण तिचं काही चुकलं नव्हतं. फोटोत जी जागा स्पष्ट असते तिकडेच बघणाऱ्याची नजर आधी जाते. मी तिला पान दाखवलं, तिनं पान बघितलं.

असं का झालं ते कळायला मला बरेच महिने लागले. कॅमेरा ऑटो-एरियावर होता, म्हणजे फोकस कुठे करायचा ते तोच ठरवत होता. ऑटोफोकसला उजेड-अंधाराच्या ठळक कडा लागतात. चतुराचं बारीक अंग फोकसच्या चौकोनात कसंबसं मावलेलं आणि मागच्या पानाच्या रेघा मात्र ठसठशीत, मग तो पानावर जाणारच. तेव्हा पहिलं काम हे करा: सिंगल पॉइंट लावा, म्हणजे फोकसची एकच जागा तुम्ही ठरवाल, त्यातही सर्वात लहान चौकोन निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. पक्षी असो, सरडा असो की कोळी, डोळा धूसर असेल तर बाकी फोटो कितीही चांगला असला तरी तो मेलेला वाटतो. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप शोधतात आणि बहुतेक वेळा बरोबर शोधतात. पण समोर गवताची दोन पाती आडवी आली की भले भले कॅमेरे पात्यांवर अडकतात. तिथे मी सरळ मॅन्युअल, म्हणजे हातानं करायच्या फोकसवर जाते. लेन्सवरची फोकसची रिंग एका जागी ठेवायची आणि स्वतः इंच-अर्धा इंच पुढेमागे डोलायचं, डोळा चमकला की क्लिक. लांबून बघणाऱ्याला आपण झोपाळ्यावर बसल्यासारखे दिसतो, दिसू दे.

आता थोडं गणित, कारण याशिवाय मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो, समजत नाही. फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मॅक्रो, म्हणजे सेन्सरवर विषय खऱ्या आकाराचा, काढताना एफ/८ ला स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम १ मिलिमीटर जाडीची असते. चतुराचं डोकंच त्याहून जाड. अपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान आणि पट्टी जाड. म्हणून ‘अपर्चर पूर्ण उघडा, मागचं सुंदर धूसर होईल’ हा सल्ला किड्यांच्या बाबतीत तरी मला पटत नाही. मागचं धूसर होतं, त्याच्याबरोबर किडाही होतो. मी एफ/८ ते एफ/११ मध्ये राहते. एफ/१६ च्या पुढे गेलं की डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडायला लागतो.

मग एवढ्या पातळ पट्टीत अख्खा प्राणी बसवायचा कसा? इथे फोकस आणि चौकट हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. कॅमेऱ्याची पाठ म्हणजे एक पाटी आहे असं समजा. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर ही पाटी पंखांना समांतर यायला हवी, म्हणजे पूर्ण पंख एकाच अंतरावर येतो आणि कडेपासून कडेपर्यंत स्पष्ट दिसतो. जरा तिरकं उभं राहिलात की अर्धा पंख गेला. हे जमवायला दोन पावलं बाजूला सरकावं लागतं, कधी गुडघे टेकावे लागतात. पहाटेच्या गारव्यात फुलपाखरं सुस्त असतात, तेव्हा सरकायला वेळ मिळतो.

फोटो बिघडला की ‘फोकस गेला’ म्हणून मोकळे होऊ नका. १०० टक्के झूम करून बघा. दुसरीच एखादी जागा स्पष्ट असेल तर फोकस चुकला. कुठेच काही स्पष्ट नाही आणि उजेडाचे ठिपके रेघांसारखे ओढले गेलेत, तर तुमचा हात हलला. फांदी ठसठशीत आणि पक्षी तेवढा पुसट, तर पक्षी हलला. तीन आजार, तीन औषधं. हातासाठी ठोकताळा असा: ३०० मिमी लेन्सला शटरचा वेग निदान १/३०० सेकंद, कॅमेऱ्याचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान (क्रॉप १.५) असेल तर १/४५० च्या आसपास. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याचे पंख नाही. उडत्या लहान पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. त्यामुळे फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो कशानंही सरळ होत नाही. आणि हलत्या प्राण्यावर कंटिन्युअस फोकस (प्राणी हलेल तसा बदलत राहणारा) ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

चौकटीबद्दल माझा हट्ट एकच: आधी मागचं बघा. प्राणी आपल्याला आपोआप दिसतोच, त्याच्या मागची पांढरी फांदी दिसत नाही. वरून खाली कॅमेरा धरला की पक्ष्याच्या मागे वीतभर अंतरावर जमीन असते, तीही खड्या-काड्यांसकट स्पष्ट. पोटावर झोपा. तोच पक्षी, तीच लेन्स, पण आता मागे कित्येक फूट लांबचं गवत आहे आणि ते विरघळून नुसता रंग उरलाय. शिवाय कोपरं जमिनीला टेकल्यामुळे हातही स्थिर. कपड्यांचं काय व्हायचं ते होतं.

शटर दाबायच्या आधी नजर चारही कडांवरून एकदा केरसुणीसारखी फिरवायची. शेपूट कापली गेलीय का? कोपऱ्यात उजेडाचा तुकडा डोकावतोय का? प्राणी ज्या दिशेला बघतोय तिकडे मोकळी जागा आहे का? तृतीयांशाच्या नियमाचा (चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करून विषय त्या रेघांवर ठेवायचा) मात्र धाक नको. हे नाव जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये वापरलं होतं, तेही निसर्गदृश्यांच्या संदर्भात. समोरून रोखून बघणारं घुबड मधोमधच शोभतं. विषय कडेला घ्यायचा असेल तर जवळच्या अंतरावर एक चूक टाळा: मधल्या पॉइंटनं फोकस करून मग कॅमेरा वळवू नका. वळवताना ती मिलिमीटरभर पट्टी डोळ्यावरून सरकते. पॉइंटच उचलून डोळ्यावर न्या.

मोबाइलवाल्यांसाठी: विषयावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो. त्यानंतर फोन अलगद पुढेमागे करा आणि बोटांनी झूम करायचा मोह आवरा. फूल हलतंय म्हणून तोडू नका, घरट्याच्या तर वाटेलाच जाऊ नका.

चतुराकडे परत येते. बरेच चतुर उडाले तरी फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. हे कळल्यावर मी त्याच्या मागे पळणं सोडलं. काडी निवडली, तिच्यामागे लांबवर नुसती हिरवी सावली येईल अशी बसले, टोकावर फोकस करून रिंग तशीच ठेवली आणि थांबले. तो चार वेळा आला आणि तीन वेळा माझी घाई झाली. चौथा फोटो आईला दाखवला.

"अगोबाई, याच्या पायांना काटे असतात होय?" ती म्हणाली.

डाव्या पंखाचं टोक चौकटीबाहेर गेलंय, ते तिला दिसलं नाही. मला अजून दिसतं.