समोरचा सही करत नाहीये, आता केस लढवायचीच आहे: पुण्यात वकील कसा लावायचा

घटस्फोट म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने, असेल तर वकिलावर फार डोकं खाजवायची गरज नसते, अटी ठरवायच्या, सह्या करायच्या, आणि तो सहा महिने थांबायचा काळसुद्धा २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर योग्य केस असेल तर कोर्ट माफ करू शकतं. खरी पंचाईत होते ती समोरचा तयार नसतो तेव्हा. कारण मग नुसतं "आमचं पटत नाही" म्हणून चालत नाही, हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं, म्हणजे क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं सोडून गेलेलं असणं वगैरे. लग्न पार मोडलंय, आता काही उरलं नाही, या कारणावर घटस्फोट द्यायचा खास अधिकार सुप्रीम कोर्टाकडे आहे, २०२३ मध्ये त्यांनी तसं स्पष्टही केलं, पण शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टाकडे तो नाही. त्यामुळे "पाच वर्षं वेगळे राहताय ना, मग होऊन जाईल हो" असं कोणी पहिल्या भेटीत म्हणालं तर चहा पिऊन निघा. वेगळं राहणं आणि समोरच्याने विनाकारण सोडून जाणं यात फरक आहे, आणि अख्खी केस त्या फरकावरच चालते.

मी हे सगळं मावसबहिणीबरोबर कोर्टात जाऊन जाऊन बघितलंय. माझं मत एकच झालंय. वकील निवडताना त्याचं ऑफिस, बोर्ड, किती वर्षं प्रॅक्टिस हे नंतर बघा, आधी बघायचं की तुमचं पिटिशन, म्हणजे कोर्टात टाकायचा अर्ज, कोण लिहिणार आणि उलटतपास कोण घेणार. केस इथेच बनते किंवा बिघडते, बाकी सगळ्या तारखा आहेत.

शोधायचा कुठे? "पुण्यातले टॉप टेन डिव्होर्स लॉयर" वगैरे याद्यांच्या नादी लागू नका, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, मग त्या याद्यांत नावं कशी येतात त्याचा विचार तुम्हीच करा. ओळखीतलं कोणी यातून गेलं असेल तर त्यांना "तुमचा वकील कसा होता" विचारण्यापेक्षा "समोरच्याचा वकील कसा होता" असं विचारा. ज्याने आपल्याला पिंजऱ्यात घाम फोडला त्याचं नाव माणूस विसरत नाही. घरचे प्रॉपर्टीचे वकील असतील तर त्यांच्याकडून नाव घ्या, केस देऊ नका. आणि नात्यातले, सोसायटीतले काका तर नकोच नको, कारण बेडरूममधल्या गोष्टी त्यांना सांगता येत नाहीत, फीचा हिशोब मागता येत नाही आणि पटलं नाही तर बदलता येत नाही, वर कोजागिरीला त्यांच्याच शेजारी बसून मसाला दूध प्यायचं.

एखाद्या दिवशी सकाळी फॅमिली कोर्टात चक्कर मारा, गाडी नेऊ नका, मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरा, पार्किंग शोधण्यात अर्धा जीव जातो. आतलं कामकाज बहुतेक वेळा इतरांना बघता येत नाही कारण अशा केसेस बंद दाराआड चालू शकतात. पण बाहेर पॅसेजमध्ये उभं राहिलं तरी बरंच कळतं, कोण स्वतः फाइल घेऊन वेळेवर येतं, कोणाचा ज्युनियर दर वेळी "सर दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणून तारीख मागतो, कोण अशिलाला आत जाण्याआधी दोन मिनिटं बाजूला घेऊन समजावतं. ज्युनियर येणं यात वाईट काही नाही, साध्या तारखेला तोच येणार, प्रश्न हा की त्याला तुमची केस माहितीये का.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, शिवाजीनगर कोर्टातच. महिलांना फुकट वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे कित्येक बायकांना माहीतच नसतं. तिथून मिळालेला वकील कमी प्रतीचाच असणार असं समजू नका, पण खालचे सगळे प्रश्न त्यालाही विचारा.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका आणि अख्खी सुटकेस पण नेऊ नका. लग्नाची पत्रिका, फोटो, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, शेवटचे जिथे एकत्र राहिलात तिथला काहीतरी पत्त्याचा पुरावा, आलेल्या नोटिसा, पगाराच्या स्लिपा आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न्स. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन पानांत तारीखवार काय काय झालं ते लिहून न्या, रडगाणं नको, नुसतं कधी, कुठे, कोणासमोर. वकील ती दोन पानं तुमच्यासमोर वाचतो का बघा. जो वाचत नाही, फोन घेत राहतो आणि "काळजी करू नका, माझ्यावर सोडा" म्हणतो, तो पुढेही वाचणार नाही.

मग विचारा: माझी केस कुठे कच्ची आहे? हा एक प्रश्न विचारून गप्प बसायचं. चांगला वकील लगेच दोन-तीन गोष्टी काढतो, तुम्ही भांडणानंतर परत नांदायला गेलात म्हणजे झालं गेलं माफ केलं असं समोरचे म्हणतील, पोलिसात काहीच नोंद नाही, साक्षीदार सगळे तुमच्याच घरचे. ऐकायला कडू लागतं पण हेच सगळं उद्या उलटतपासात येणार असतं. ज्याला तुमच्या केसमध्ये काहीच खोट दिसत नाही त्याला केस दिसलेलीच नाही.

केस कुठे लावायची हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. लग्न जिथे लागलं, समोरचा जिथे राहतो, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, आणि बायको केस करणार असेल तर ती सध्या राहते तिथे, यातलं कुठलंही कोर्ट चालतं. म्हणजे लग्न लातूरला, संसार वाकडला आणि मुलगी आता माहेरी सोलापूरला, असं असेल तर तो पुण्यात टाकतो, ती सोलापूरला टाकते, मग केस ट्रान्सफर करायला हायकोर्ट गाठा. तसं झालं तर काय करायचं आणि त्याची फी वेगळी का, हे आधीच विचारा. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय खरं पण पुणे त्यात नाही, आपल्याला अजून मुंबईच. आणि लग्नाला वर्षही झालं नसेल तर अपवाद सोडून घटस्फोटाचा अर्जच टाकता येत नाही, हे न सांगता फी घेणारा वकील असेल तर काय बोलायचं.

घटस्फोट ही एक केस नसते, हे डोक्यात पक्कं करा. घटस्फोट एक, अंतरिम पोटगी, म्हणजे केस चालू असतानाची, त्यातच, मुलांचा ताबा, शिवाय घरगुती हिंसाचाराची केस मॅजिस्ट्रेटकडे, कधी पोटगीचा वेगळा अर्ज, कधी पोलिस केस. म्हणून फी ठरवताना "पूर्ण केसचे इतके" यावर हो म्हणू नका, पूर्ण म्हणजे काय काय ते लिहून घ्या. वकीलपत्र घेताना किती, पिटिशन दाखल झाल्यावर किती, पुराव्याला किती, आर्ग्युमेंटला किती, टायपिंग, नोटरी, झेरॉक्स यात की वर. दर तारखेचे पैसे घेणारे असतात, मला स्वतःला टप्प्याटप्प्याने देणं बरं वाटतं, कारण तारखेवर पैसे असले की केस लवकर संपवायची घाई कोणाला असणार! पैसे बँकेतून द्या आणि पावती मागा, लाजू नका. "पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के माझे" असं ठरवायला वकिलांना नियमाने बंदी आहे. "जज ओळखीचे आहेत" हे वाक्य ऐकलं की लगेच उठायचं.

आता पिटिशन. ड्राफ्ट हातात आला की सही करायच्या आधी घरी न्या, रात्री शांतपणे वाचा. माझ्या बहिणीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये "सासूने उपाशी ठेवून मानसिक छळ केला" असा पूर्ण पॅरा होता, आणि तिची सासू तिच्या लग्नाच्या आधीच वारलेली. दुसऱ्या कोणाच्यातरी फाइलमधून उचललेला मजकूर. हे तसंच कोर्टात गेलं असतं तर समोरच्या वकिलाला पहिला प्रश्न आयता मिळाला असता, आणि खाली सत्यापनात, म्हणजे वरचं सगळं खरं आहे असं जिथे लिहून देतात तिथे, सही तिची, वकिलाची नाही. चांगल्या ड्राफ्टमध्ये "वारंवार छळ केला" हे एकदाच येतं आणि पुढे प्रसंग येतात, दिवाळीत पाडव्याला काय झालं, कोण हजर होतं, त्यानंतर डॉक्टरकडे गेलात का. प्रत्येक आरोपासमोर पेन्सिलने लिहा की याचा पुरावा काय, ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही त्याबद्दल वकिलाशी बोला.

पुराव्यावरून एक सांगते. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट मारून फोन विकून टाकू नका, मूळ फोन जपा, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं. नवरा-बायकोच्या बोलण्याचं लपून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये चालू शकतं असा सुप्रीम कोर्टाचा निकाल जुलै २०२५ मध्ये आलाय. वकिलाला याबद्दल सहज विचारून बघा, तो अपडेटेड आहे का ते लगेच कळतं. तसंच पोटगीसाठी दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, २०२० च्या निकालापासून. तिथे पगार लपवायचा सल्ला देणारा वकील तुम्हालाच खड्ड्यात घालतोय.

फॅमिली कोर्टात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते, म्हणून वकीलपत्रासोबत एका अर्जावर सही घेतली तर घाबरू नका, रोजचंच आहे ते. पण समुपदेशकांसमोर मात्र तुम्हालाच बोलायचं असतं, तिथे वकील शेजारी नसतो. तिकडे काय विचारतात, काय कबूल करायचं नाही, मुलांच्या भेटीबद्दल काय बोलायचं, हे आदल्या दिवशी बसून सांगणारा वकील हवा. आणि तडजोडीचं दार उघडं ठेवणारा. भांडत भांडत मध्येच म्युच्युअलवर येणाऱ्या केसेस असतात, तेव्हा समोरच्या वकिलाशी नीट बोलू शकणारा माणूस लागतो. मारहाण होत असेल तर एक दिवसही थांबू नका, संरक्षणाचा आदेश आधी, घटस्फोट नंतर. पण नुसतं प्रेशर टाकायला सगळ्या घरादारावर पोलिस केस ठोका म्हणणारा वकील असेल तर मी त्याच्याकडे जाणार नाही, ते खोट्या आरोप-प्रत्यारोपांचं ओझं पुढे मुलांच्या ताब्यापर्यंत पुरतं.

किती वेळ लागेल? समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय खरं. लिहिलंय! वर्षांच्या हिशोबानेच तयारी ठेवा आणि सहा महिन्यांची गॅरंटी देणाऱ्याला हे कलम वाचून कोणी फसवलंय ते विचारा.

केस दाखल झाली की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागून घ्या, १६ अक्षरांचा असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख स्वतः दिसते, मग "तारीख कधी आहे हो" म्हणून ऑफिसला फोन करत बसावं लागत नाही. मध्ये मध्ये रोजनामा, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, बघा, कोण हजर होतं, तारीख कोणी मागितली, सगळं त्यात असतं. आपल्याच वकिलाने लागोपाठ तारखा मागितलेल्या दिसल्या तर स्पष्ट विचारा. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची पीडीएफ त्याच दिवशी घ्यायची सवय लावा.

नाहीच पटलं तर वकील बदलता येतो, आधीच्याकडून एनओसी घ्यायची, नव्याचं वकीलपत्र टाकायचं. फी बाकी आहे म्हणून तुमची फाइल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलंय, बाकी पैशांचा वाद त्याने वेगळा मांडावा. फक्त बदलायचं असेल तर पुरावा सुरू व्हायच्या आधी बदला, उलटतपासाच्या आदल्या आठवड्यात नवा माणूस आणला तर तो पहिलं काम म्हणून तारीखच मागणार, आणि त्या वेळी ते बरोबरच असेल.