ओढा सकाळीच ओलांडा

मार्च-एप्रिलमध्ये हिमाचलात खीरगंगेच्या ट्रेकला जाणार असाल, तर वाट जिथून सुरू होते त्या बरशैणी गावाहून शक्य तितक्या लवकर निघा. पार्वती नदीच्या कडेने जाणाऱ्या या वाटेवर नकथान गाव आणि रुद्रनागचा धबधबा लागतो. अधूनमधून वरून उतरणारे छोटे नाले आडवे येतात. सकाळी त्यांना घोट्याएवढं पाणी असतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर तोच नाला गुडघ्यापर्यंत येऊ शकतो. सह्याद्रीत ओढा पावसाने फुगतो, तिथे स्वच्छ उन्हाने! आभाळ निळंशार आहे म्हणून गाफील राहू नका.

सकाळचा धोका मात्र वेगळा. नाल्याचे तुषार उडून दगडांवर काचेसारखा पातळ बर्फ जमतो. दगड नुसताच ओला वाटतो आणि पाय पडताक्षणी माणूस आडवा. चकाकणारा दगड टाळा, काठीने टोकून बघा. बूट वाचवायला अनवाणी उतरू नका. थंडीने पाय बधिर झाले की दगड कळतच नाही. मागे पट्टा असलेले सँडल घाला, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. नाल्यावर बर्फाचा पूल दिसला आणि खालून खळखळ ऐकू आली, तर फोटो काढा, पाय ठेवू नका.