युद्धावरून परतलेल्या माणसाला झोपेतून उठवताना

तो झोपेत दचकत, ओरडत असेल तर हलवून उठवू नका. हाताच्या टप्प्याबाहेर, पायथ्याशी उभं राहून नावानं हाक मारा, मग दिवा लावा. अर्धवट जागेपणी हात उगारला गेला तर तो राग नसतो. शरीर अजून पहाऱ्यावरच असतं. मुलांना हे सोप्या शब्दांत सांगून ठेवा, नाहीतर ती स्वतःलाच दोष देत बसतात. 'तिकडे काय काय पाहिलं?' असं खोदून विचारू नका (पाहुण्यांना तर आधीच बजावा). दुःस्वप्नं, चिडचिड, माणसं टाळणं महिन्याहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. या त्रासाला १९८० पासून 'पीटीएसडी' (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) हे वैद्यकीय नाव आहे, उपचारही आहेत. आणि हो, जोडीदाराचीही झोप उडालेली असते. अधूनमधून वेगळ्या खोलीत झोपण्यात काहीच गैर नाही.