झिंकची गोळी काउंटरवरून देताना

डी.फार्म. (औषधशास्त्राची पदविका) झाल्यावर पहिलं वर्ष मी तालुक्याच्या गावी एका मेडिकलवर काढलं, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात लागलो. आता नवीन पोरंपोरी हाताखाली आली की पहिल्या आठवड्यात त्यांना झिंक, म्हणजे जुलाबाच्या मुलांना द्यायचं जस्त, शिकवतो. स्वस्त आणि साधं औषध, म्हणून कुणी लेबल नीट वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

स्ट्रिपवर झिंक सल्फेट मोनोहायड्रेट लिहिलेलं असतं आणि पुढे ‘एलिमेंटल झिंक २० मि.ग्रॅ.’, म्हणजे गोळीतलं निव्वळ जस्त. डोस मोजायचा तो या दुसऱ्या आकड्यानं, क्षाराच्या, म्हणजे अख्ख्या झिंक सल्फेटच्या, वजनानं नाही. मोनोहायड्रेटमध्ये जस्त साधारण ३६ टक्के, म्हणजे २० मि.ग्रॅ. जस्तासाठी ५५ मि.ग्रॅ. क्षार. झिंक सल्फेटचा दुसरा प्रकार हेप्टाहायड्रेट; त्यात पाण्याचे सात रेणू, त्यामुळे जस्त २३ टक्क्यांच्या आसपास. तिथे ८८ मि.ग्रॅ. लागतो. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना हे पटकन कळतं, कारण कृषी केंद्रात २१ आणि ३३ टक्क्यांचं झिंक सल्फेट मिळतं ते याच दोन क्षारांचं. (एका आजोबांनी ‘मग पोत्यातलंच चिमूटभर दिलं तर?’ असं विचारलं होतं. अजिबात नाही. खताची शुद्धता पिकासाठी ठरवलेली असते, लेकरासाठी नाही.)

कॉलेजात मला हे पाठ होतं. तरी मेडिकलवर एका कंपनीचं सिरप संपलं म्हणून दुसऱ्या कंपनीचं काढून दिलं आणि आईला सवयीनं ‘रोज एक चमचा’ म्हणून मोकळा झालो. जुन्यात ५ मि.ली.ला २० मि.ग्रॅ. होतं, नव्यात १०. पाच दिवसांनी ती वेगळ्याच कामानं आली, पिशवीतून बाटली डोकावली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाळाला रोज अर्धाच डोस जातोय. तिला खरं सांगितलं, डॉक्टरांना विचारून डोस दुरुस्त केला. तेव्हापासून ‘दर ५ मि.ली.मध्ये’ ही ओळ वाचल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

जुलाबाच्या मुलाला ओआरएससोबत झिंक द्यावं हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००४ साली सांगितलं. आपल्याकडे दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मि.ग्रॅ., म्हणजे अर्धी गोळी, आणि सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत २० मि.ग्रॅ.; दोन्हीकडे १४ दिवस. खरी अडचण या १४ दिवसांची. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की आई गोळी बंद करते. जुलाबात अंगातलं जस्त वाहून जातं, ते भरून निघायला आणि आतड्याचं अस्तर सावरायला वेळ लागतो. कोर्स पुरा झाला तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. एवढं व्याख्यान ओपीडीच्या रांगेत कोण ऐकणार? मी विचारतो, ‘ताई, पाऊस उघडला म्हणून गळकं कौल तसंच ठेवता का?’

पहिली गोळी समोरच द्यायला लावा. चमच्यात आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी, त्यात गोळी, मिनिटभरात विरघळते. एकदा स्वतः चाखून बघा. पितळेच्या भांड्यात कळकलेल्या ताकासारखी चव जिभेवर रेंगाळते. मूल तोंड वाकडं करणार, कधी ओकणार, हे आधीच सांगून ठेवलं की आई घाबरत नाही.

मोठ्यांचं प्रकरण निराळं. कोविडपासून कित्येकांना ‘इम्युनिटीसाठी’ ५० मि.ग्रॅ.ची कॅप्सूल रोज घ्यायची सवय लागली. डॉक्टरांची देखरेख नसेल तर मोठ्या माणसाला दिवसाला ४० मि.ग्रॅ. ही वरची मर्यादा. महिनोन्महिने जास्त घेतलं तर आतड्यातून तांबं शोषलं जात नाही आणि रक्तक्षय होऊ शकतो. विल्सनच्या आजारात तांबं साठतं, तिथे हाच गुण औषध म्हणून वापरतात. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर अँटिबायोटिक आधी घ्यायला सांगा आणि झिंक किमान दोन तासांनी. एकत्र घेतलं तर अँटिबायोटिक नीट शोषलं जात नाही.

गोळ्यांच्या पाकिटावर मी पेनानं १४ चौकोन काढून देतो, रोज एक खोडायचा. गेल्या पावसाळ्यात एका आजीनं पाकीट परत आणून दाखवलं. घरात पेन नव्हता, म्हणून तिनं चौदाही चौकोनांत कुंकवाची बोटं उमटवली होती.