डोझरच्या ब्लेडची खडखड: भोक न भरता पिन घट्ट करा

जुन्या डोझरचं ब्लेड रिव्हर्स घेताना खडखडतं, लेव्हलला लाटा पडतात. पिन नवी टाकली तरी फरक नाही, कारण कानाचं (पिन ज्यातून जाते त्या जाड लोखंडी पट्टीचं) भोक अंड्यासारखं झालेलं असतं. ते आतून वेल्डिंगनं भरून ग्राइंडरनं गोल करण्याच्या भानगडीत पडू नका, सेंटर हमखास हलतं. त्याऐवजी कानांच्या बाहेरून नव्या रिंगा वेल्ड करा, म्हणजे पिन त्यांत घट्ट बसते.

१. ब्लेड जमिनीवर टेकवून लाकडी स्लीपरवर पक्कं बसवा. कानावरचं ग्रीस, रंग पुसून लोखंड उघडं करा.

२. जाड प्लेटच्या रिंगा लेथवर पिनेपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठ्या बोअर करून घ्या. जाडी कानाच्या निम्मी तरी हवी. रिंगांमुळे पिनही तेवढी लांब लागते. आमची पहिली पिन इथेच तोकडी पडली.

३. नवी पिन वेल्डिंगच्या शिंतोड्यांत खराब करू नका. त्याच मापाची डमी पिन आरपार घालून रिंगा कानांच्या बाहेरून लावा, समोरासमोर वेल्डिंगचे चार छोटे टाके मारा.

४. डमी हातानं फिरते ना? मग ७०१८ (लो-हायड्रोजन) वेल्डिंग रॉडनं, समोरासमोर, थोडं थोडं वेल्ड करा. मधूनमधून डमी फिरवत राहा.

पुश आर्मचा (ब्लेड ढकलणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट ढिला असेल तर वेल्डिंग नकोच. कॅपखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) दोन्ही बाजूंनी सारख्या काढा. बॉल मोकळा फिरला पाहिजे.

वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लॅम्प त्याच कानाला लावा, नाहीतर करंट सिलिंडर किंवा बेअरिंगमधून जातो. बॅटरीची वायरही काढून ठेवा.