येताना बाटली आणताय? या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारात बसून लोकांची परदेशाची तिकिटं काढतो, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की एकच प्रश्न येतो: "अहो, मधे दुबईला थांबायचंय, किती लिटर दारू चालते?"

आधी सांगा, तुम्ही तिथे इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडणार का? नुसतं विमान बदलायचंय आणि बॅगा थेट शेवटपर्यंत टॅग झाल्यात, तर सहसा तिथल्या कस्टमशी गाठ पडत नाही. पडते ती सिक्युरिटीशी, हातातल्या बाटल्यांवरून. रात्र हॉटेलात काढायला बाहेर पडलात, की तिथली मर्यादा लागू. दुबईत ४ लिटर, थायलंडमध्ये १. सिंगापूरला २, पण त्यात व्हिस्की एकच लिटर. कतारमध्ये बाटली आत न्यायचीच नाही.

चार पैसे वाचतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढणारे इथेच फसतात. बॅग मधेच पट्ट्यावर येते आणि ती घ्यायला देशात शिरावं लागतं. तो देश कुवेत निघाला तर काय करणार? तिथे दारूला पूर्ण बंदी आहे.

अमेरिकेचं प्रकरण निराळं. तिथे बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर बॅगा घेऊन कस्टममधून जायचं, मग पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. आमचे एक काका-काकू डॅलसला मुलीकडे निघाले, फ्रँकफर्ट आणि शिकागो करत. जावयासाठी मुंबईच्या ड्युटी फ्रीतून एकेक लिटरच्या दोन सिंगल माल्ट व्हिस्की. मी बजावलं होतं: शिकागोला कस्टम झालं की बाटल्या सुटकेसमध्ये टाका, मग सुटकेस द्या. काकांना घाई. सुटकेस आधी देऊन टाकली, बाटल्या हातात. तेही निभावलं असतं, कारण ४८ तासांच्या आत घेतलेली, सीलबंद पारदर्शक पिशवीतली बाटली तिथे तपासून सोडतात. पण "झाकण गळतंय का बघू" म्हणून काकांनी विमानातच सील फाडलेलं! दोन्ही बाटल्या तिथेच सोडाव्या लागल्या. वर मलाच फोन: "पावती दाखवली तरी ऐकेनात." अहो, पावतीचा उपयोग सील शाबूत असेल तर! तेव्हापासून मी तिकिटाच्या प्रिंटवर लाल पेनाने लिहून देतो, "पिशवी उघडू नये". तरी उघडतातच.

चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लिटरपर्यंत. ७० च्या वरची कुठेच नाही. स्वतःची बाटली विमानात फोडायची नाही, हेही सांगावं लागतं.

आता आपल्या बडोदेकरांची लाडकी चूक. भारतात येताना माणशी २ लिटर ड्युटीशिवाय चालते. पण मुंबईला कस्टमने सोडली म्हणजे गुजरातने सोडली असं नव्हे. इथे १९४९ पासूनचा दारूबंदी कायदा आहे, आणि परमिट नसताना बाटली जवळ बाळगणं हा गुन्हा. ड्युटी फ्रीची पावती म्हणजे परमिट नव्हे. "गाडीत कोण बघतंय" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही; गुजरातच्या हद्दीवर, भिलाडच्या पुढे पोलिसांनी डिकी उघडायला लावली, की त्यांचं ते बघतील. परमिट नसेल तर बडोद्याला आणूच नका.

मुंबईच्याच कुणाला द्यायची असेल, तर मुंबईला उतरल्यावर अरायव्हलच्या ड्युटी फ्रीतून घ्या. मधल्या देशांची कटकटच नाही, आणि सवलत तीच.