फाडफाड वाचतो म्हणून जाडं पुस्तक देऊ नका

पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सकाळी मी मुलांच्या पुस्तकांची दोन कपाटं उघडते. आठ वर्षं झाली. आठ वर्षं तेच वाक्य ऐकतेय: "ताई, दुसरीत आहे, पण चौथीचं वाचतो हो. जरा जाडं द्या."

परवा असाच एक गडी आला. हातात शंभरपानी साहसकथा. म्हटलं, वाच बघू. त्यानं कुठेही न अडखळता वाचलं, 'खजील होऊन तो माघारी फिरला.' आईच्या चेहऱ्यावर स्कॉलरशिपचा निकाल लागल्यासारखा आनंद. मी विचारलं, खजील म्हणजे काय रे? "जखमी." आणि माघारी? "मागच्या दारी." म्हणजे याच्या गोष्टीत एक जखमी माणूस मागच्या दारानं घरात शिरला होता!

मराठीत हे हमखास होतं. आपण बरंचसं उच्चाराप्रमाणे लिहितो, त्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा बसली की मूल काहीही वाचून दाखवतं, अगदी 'अधिसूचना'सुद्धा. इंग्रजीत अनोळखी शब्दाशी ते निदान अडतं, घरच्यांना कळतं तरी. पाच बोटांचा नियम तिकडचाच: एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच बोटं झाली की पुस्तक कठीण. मराठीत तो जसाच्या तसा लावलात तर मूठ मिटलेलीच राहते. म्हणून मी बोटं अर्थाची मोजते. पुस्तक मधूनच उघडायचं, मुलाला एक पान वाचू द्यायचं, मग पुस्तक मिटून विचारायचं, "काय झालं?" त्यानंतर अवघड शब्दांचे अर्थ, न आलेल्या प्रत्येक अर्थाला एक बोट. पानावर चाळीस-पन्नासच शब्द असतील तर पाचव्या बोटापर्यंत मी थांबत नाही, तिसऱ्यालाच पुस्तक कपाटात.

हे शहाणपण माझ्या लेकीमुळे आलं. ती सात वर्षांची होती तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून मी एक संच उचलला. सवलत भरघोस होती, आणि पुस्तकं चांगली जाडजूड, म्हणजे पैसे वसूल. रोज रात्री खुणेची पट्टी दहा-बारा पानं पुढे सरकायची. नवव्या दिवशी पहिलं पुस्तक संपलं. मी शेजारीपाजारी सांगून मोकळी! महिन्याभरानं सहज चाळलं, तर पान ४८ नंतर पुन्हा पान ३३. सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधला होता आणि पुढचा गायब होता. पोरीनं तीच सोळा पानं दोनदा वाचली, गोष्टीतली सोळा पानं उडाली, आणि तिला पत्ताच नाही. विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं, मोठ्या पुस्तकात असंच असतं."

तेव्हापासून खूण कुठवर सरकली हे मी बघत नाही. जेवताना विचारते, काल कुठवर आलं होतं? मूल सांगताना मध्येच हसलं किंवा चिडलं तर पुस्तक बरोबर बसलंय.

दुसरी चूक अंदाजाची. मुखपृष्ठावरचा वयोगट दुकानात कपाटं लावायला ठीक आहे, तुमच्या मुलाला काय झेपतं ते त्यावर लिहिलेलं नसतं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेच्या पुस्तकांवर चारपैकी एक पातळी छापलेली असते, ती जास्त कामाची: पहिल्या पातळीत अडीचशे शब्दांपर्यंत, दुसऱ्या पातळीत सहाशेपर्यंत, तिसऱ्या पातळीत दीड हजारापर्यंत, चौथ्या पातळीत त्याहून मोठ्या गोष्टी. त्यांच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात, म्हणजे विकत घेण्याआधी चाचपून बघायची सोय आहे. मला स्वतःला बालभारतीचं मागच्या इयत्तेचं पुस्तक पुरतं. त्यातला न शिकवलेला धडा मूल समजून वाचत असेल तर त्याच वजनाचं पुस्तक द्यायचं. रद्दीत घालू नका ती पुस्तकं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची दोन भाषांतली पातळी वेगळी धरा. आठ वर्षांचा मुलगा इंग्रजीत जाड पुस्तक वाचत असेल आणि मराठीत पहिल्या पातळीवरच असेल, तर त्याला मनीमाऊची गोष्ट देऊ नका, त्याला अपमान वाटतो. कमी मजकुराची माहितीची पुस्तकं द्या: साप, क्रेन, किल्ले. आणि 'गेलं, केलं' अशा बोलण्यातल्या मराठीत लिहिलेली आधी. 'करण्यात आले' भेटायला अख्खं आयुष्य पडलंय.

फुटकळ चुका. शेवटी तात्पर्य आणि प्रश्न छापलेलं पुस्तक घेऊ नका, तो गृहपाठ आहे. स्वस्तातल्या पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे आहेत का ते बघा. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श २००९ च्या शासन निर्णयानं ठरलेला आहे, आणि नुकतं वाचायला लागलेलं पोर दुसऱ्या वळणाला खरंच अडतं. तेच पुस्तक सातव्यांदा मागितलं तर द्या. "हे तर सोपं आहे" असं मुलासमोर म्हणू नका.

व्हॉट्सॲपवर 'दुसरीसाठी यादी टाका' असा निरोप आला की मी उत्तर देत नाही. मूल न बघता यादी कशी देणार? माझ्या कपाटावर पाटीच आहे: 'पुस्तक मुलाने निवडावे. पालकांनी बाहेर थांबावे.' काहींना राग येतो. येऊ दे.

त्या साहसकथावाल्या आईला शेवटी दोन पुस्तकं दिली. जाडं तिच्या नावावर, रात्री तिनं मोठ्यानं वाचून दाखवायला. कानानं मुलांना डोळ्यांपेक्षा बरंच पुढचं कळतं. त्याच्या नावावर चोवीस पानांचं, एका हट्टी बोकडाचं. रविवारी परत आला तेव्हा पानांना आंब्याचा रस लागला होता, आणि बोकडानं काय काय खाल्लं ते मला क्रमानं ऐकावं लागलं. "खजील म्हणजे लाजलेला, माहितेय मला," जाता जाता म्हणाला, "बोकड नाही होत कधी."